पीआरआय लाईनचे अलार्म आणि डाहडी : सहा वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या धर्मादाय रुग्णालयाच्या टेलिफोन खोलीत दोन पीआरआय लाईन, म्हणजे एकाच वेळी तीस कॉल नेणाऱ्या डिजिटल लाईन, येतात. त्या ज्या संगणकात शिरतात त्यावर ॲस्टेरिस्क हे मुक्त एक्स्चेंज सॉफ्टवेअर चालते, आणि लाईनचे कार्ड व ॲस्टेरिस्क यांच्यामध्ये डाहडी नावाचा ड्रायव्हरसंच बसतो. गेली सहा वर्षे ही व्यवस्था मी सांभाळतो आहे. त्याआधी एका सार्वजनिक एक्स्चेंजच्या स्विच रूममध्ये बरीच वर्षे काढली. ॲस्टेरिस्कविषयी पुष्कळ लिहिले जाते, पण ते बहुतेक वेळा आयव्हीआर, रेकॉर्डिंग आणि वाचलेला खर्च यांपाशी थांबते. लाईन पडते आणि कॅज्युअल्टीचा फोन मुका होतो, त्या घटकेला हे साधन दोष शोधण्यात किती साथ देते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. तारे द्यायचेच झाले तर पाचापैकी साडेतीन देईन. दीड तारा कुठे गेला ते पुढे येईलच.

मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ॲस्टेरिस्क लिहायला घेतले आणि त्यांच्या डिजियम या कंपनीने ते वाढवले. कार्डाच्या ड्रायव्हरसंचाला पूर्वी झॅपटेल म्हणत. ते नाव आधीच दुसऱ्या कोणाचे व्यापारचिन्ह असल्याने २००८ मध्ये त्याचे डाहडी झाले. २०१८ मध्ये डिजियम कंपनी सँगोमाने विकत घेतली. डी-चॅनलवरची, म्हणजे कॉल लावण्या-तोडण्याचे निरोप जिथून जातात त्या चॅनलवरची, बोलणी सांभाळणारा लिबपीआरआय हा तिसरा भाग वेगळा आहे. हे तिघे वेगवेगळे आहेत हे लक्षात ठेवणे दोष शोधताना फार उपयोगी पडते, कारण तक्रार कोण करतो आहे त्यावरून दुखणे कोणत्या थरात आहे ते निम्मे कळते.

आपल्याकडची पीआरआय म्हणजे ई१ लाईन : सेकंदाला २०,४८,००० बिट, ६४ किलोबिटांचे ३२ टाईमस्लॉट, आणि सेकंदाला ८,००० फ्रेम. शून्य क्रमांकाचा स्लॉट फ्रेमची सुरुवात ओळखण्यासाठी असतो, सोळावा डी-चॅनलसाठी, आणि उरलेल्या ३० स्लॉटांवर माणसे बोलतात. डाहडी या लाईनचे दुखणे तीन रंगांत सांगते. लाल म्हणजे आपल्या रिसीव्हच्या जोडीवर सिग्नल नाही किंवा असला तरी त्यात फ्रेमची खूण सापडत नाही. पिवळा म्हणजे समोरचे एक्स्चेंज आपल्याला सांगते आहे की तुमचे काही माझ्यापर्यंत पोहोचत नाही. हा निरोप शून्याव्या स्लॉटमधल्या एका बिटावर येतो. निळा म्हणजे समोरून नुसते ‘१’ हेच बिट सलग येत आहेत : मधले मक्स (अनेक लाईन एकत्र नेणारे यंत्र) किंवा मोडेम जिवंत आहे, पण त्याच्यामागचा सिग्नल मेला आहे. रंगांची ही भाषा अमेरिकी टी१ परंपरेतली आहे. आपल्या स्विच रूममध्ये याच तिघांना आम्ही अनुक्रमे एलओएस, आरएआय आणि एआयएस म्हणत असू, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने मला मनातल्या मनात भाषांतर करावे लागे.

या तीन रंगांनी दिशा कळते, ही डाहडीची पहिली जमेची बाजू. आपल्याकडे लाल असेल तर कार्ड आपोआप समोर पिवळा पाठवते. म्हणून आपल्याला पिवळा दिसला तर रिसीव्हची जोडी ठीक आहे आणि ट्रान्समिटच्या वाटेवर कुठेतरी तुटले आहे, एवढे खुर्चीतून न उठता ठरवता येते. एकदा उंदराने आमच्या केबलची एकच जोडी कुरतडली होती. डाहडीच्या स्थितीदर्शक तक्त्यात पिवळा पाहिला, सरळ क्रोन मॉड्यूलवर (तारांच्या जोड्या जोडायच्या पट्टीवर) जाऊन ट्रान्समिटची जोडी तपासली आणि दहा मिनिटांत जंपर बदलून लाईन उभी केली. सगळी केबल हुडकत बसलो असतो तर दुपार गेली असती.

दुसरी जमेची बाजू मला यापेक्षाही मोलाची वाटते. डाहडी लाईनची तब्येत सांगते, लिबपीआरआय डी-चॅनलची तब्येत सांगते, आणि ॲस्टेरिस्कच्या पडद्यावर या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. स्पॅनची, म्हणजे एका अख्ख्या लाईनची, स्थिती विचारली की तो ‘अलार्ममध्ये, डाऊन’ आहे की नुसताच ‘डाऊन’ आहे, हे उत्तरातच येते. नवखा माणूस दोन्हींना ‘लाईन गेली’ म्हणतो. पहिल्यात तार पाहायची असते, तर दुसऱ्यात तार धडधाकट असून तिच्यावर चाललेले संभाषण पाहायचे असते. महागड्या तयार ईपीएबीएक्सपैकी (कार्यालयांतल्या खासगी एक्स्चेंजांपैकी) मी हाताळलेल्या दोघांमध्ये या दोन्हींसाठी मिळून एकच लाल दिवा होता.

हा फरक किती कामाचा आहे ते एका जुलै महिन्यातल्या शुक्रवारी कळले. रस्ता खोदताना केबल तुटली आणि आमची एक लाईन दुपारीच लाल झाली. सेवा देणाऱ्या कंपनीच्या माणसांनी रात्री नऊच्या सुमारास जोड मारला. कार्डावरचा दिवा हिरवा झाला, तक्त्यात अलार्मच्या रकान्यात ‘ओके’ आले, पण फोन काही लागेना. डॉकेट नंबर घेऊन कंपनीच्या नियंत्रण कक्षाला फोन केला, तर पलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे सांगितले, “साहेब, आमच्याकडून लाईन ओके दिसतेय. तुमचं कार्ड एकदा काढून बसवून बघा ना.”

कार्ड काढण्याआधी मी डी-चॅनलचा तपशील पडद्यावर सोडला. जोडणी मागणारी सॅबमी फ्रेम आमच्याकडून दर सेकंदाला जात होती. तिला यूए हे उत्तर यायला हवे होते; त्याऐवजी पलीकडूनही सॅबमीच येत होती. मग लिबपीआरआयने आपले ते प्रसिद्ध इंग्रजी वाक्य छापले, ज्याचा मराठीत अर्थ असा होतो : आम्ही स्वतःला ग्राहकाकडचे यंत्र समजतो आहोत, आणि समोरचेही स्वतःला ग्राहकाकडचेच समजत आहेत. पुस्तकी अर्थ घेतला तर हा सेटिंगचा घोळ आहे. एक टोक नेटवर्क आणि एक टोक ग्राहक असे असावे लागते, आणि इथे दोन्ही टोके ग्राहक म्हणून मांडली गेली आहेत. पण वर्षानुवर्षे चाललेल्या लाईनचे सेटिंग खड्डा बुजवताना बदलत नसते. माझ्या स्विच रूमच्या दिवसांनी मला दुसरी शक्यता सुचवली : पलीकडे कोणी नाहीच, आपलाच आवाज डोंगरावर आपटून परत येतो आहे. जोड मारणाऱ्याने चाचणीसाठी कुठेतरी लूप दिला, म्हणजे जाणारी जोडी येणाऱ्या जोडीलाच जोडली, आणि घरी जाताना तो काढला नाही.

आता हे सिद्ध कसे करायचे? आमच्या खोलीत कंपनीचे मोडेम आहे. क्रोन मॉड्यूलवर आमच्या ट्रान्समिटच्या जोडीत डिस्कनेक्शन प्लग खुपसला. आपला सिग्नल थांबला की मोडेम पुढच्या दिशेने नुसते ‘१’ बिट सोडते. पलीकडे खरे एक्स्चेंज असते, तर ते पाहून त्याने आम्हाला पिवळा पाठवला असता. तीनेक सेकंदांनी तक्त्यात निळा आला. मोडेमने सोडलेले ‘१’ बिट जसेच्या तसे फिरून आमच्याच रिसीव्हवर आले होते. मी पुन्हा फोन केला, वितरण चौकटीवर लूप राहिला आहे असे सांगितले, आणि पलीकडच्या गृहस्थांना ते पटवायला पंधरा मिनिटे लागली. त्यांना तरी लाईन ओके का दिसत होती? कारण दोन्ही बाजूंना लूप होता आणि त्यांच्या पोर्टलाही त्याचाच सिग्नल परत मिळत होता. साडेदहाला लूप निघाला, डी-चॅनल उभा राहिला आणि कॅज्युअल्टीचा फोन वाजला.

या प्रसंगात डाहडीला किती श्रेय द्यायचे यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तिने मला पुरावा दिला, पण निष्कर्ष दिला नाही. डाहडीत लूपसाठी वेगळी स्थिती आहे. परंतु ती आपण स्वतःच्या कार्डावर लावलेल्या लूपसाठी. पलीकडच्या लूपला तिच्या दृष्टीने अलार्मच नाही, कारण सिग्नल शुद्ध आहे, फ्रेम जुळते आहे, चुका शून्य आहेत. आपलीच फ्रेम आपल्याकडे परत येते आहे हे ओळखून ‘लाईन लूपमध्ये असावी’ एवढे तीन शब्द त्या संदेशाला जोडले असते, तर नवख्या माणसाची रात्र वाचली असती. अर्धा तारा इथे गेला.

दुसरा प्रसंग माझ्याच चुकीचा. जुने एक पोर्टाचे कार्ड बदलून चार पोर्टांचे बसवले, तेव्हा स्पॅनच्या ओळीतला दुसरा आकडा मी शून्य ठेवला. हा आकडा घड्याळाचा असतो : एक लिहिले तर कार्ड एक्स्चेंजच्या घड्याळावर चालते, शून्य लिहिले तर स्वतःच्या. सार्वजनिक एक्स्चेंजला जोडलेल्या लाईनवर शून्य लिहिणे म्हणजे गावच्या घड्याळाकडे पाठ करून आपल्या मनगटावरच्या घड्याळाने एस. टी. पकडायला जाणे. एकही अलार्म आला नाही. फोन लागत होते, बोलणे नीट होत होते. फक्त लॅबचे फॅक्स अर्ध्यात तुटत होते, आणि लॉगमध्ये अधूनमधून ‘डी-चॅनलवर एचडीएलसी ॲबॉर्ट, ६’ किंवा ‘बॅड एफसीएस, ८’ अशा, म्हणजे डी-चॅनलची फ्रेम अर्धवट किंवा बिघडून आल्याच्या, ओळी येत होत्या.

हिशेब सोपा आहे. दोन घड्याळांत दशलक्षात दोन एवढाच फरक धरला, तरी ८,००० फ्रेमांच्या वेगाने सुमारे ६२ सेकंदांना एक फ्रेम गळते किंवा दोनदा येते. यालाच स्लिप म्हणतात. ई१ जोडणीसाठीच्या मानकात दशलक्षात ५० पर्यंतची तफावत बसते, आणि तेवढी असेल तर अडीच सेकंदांना एक स्लिप. उलट राष्ट्रीय जाळ्यांच्या मूळ घड्याळांकडून जी अचूकता अपेक्षित असते, तिच्यामुळे अशा दोन जाळ्यांमध्ये साधारण ७० दिवसांत एखादी स्लिप व्हावी. एक स्लिप म्हणजे १२५ मायक्रोसेकंद; माणसाच्या कानाला ती बारीक ‘टक्’ होऊन निसटते, फॅक्सला मात्र सहन होत नाही. डी-चॅनलवरची फ्रेम फाटते, पण तिथे फ्रेम पुन्हा पाठवण्याची सोय असल्याने कॉल तुटत नाहीत, आणि म्हणूनच दोष आठवडेच्या आठवडे लपून राहतो.

माझी खरी तक्रार पुढे आहे. हाच ‘एचडीएलसी ॲबॉर्ट’ संगणकाच्या दोषानेही येतो. कार्ड संगणकाला सेकंदाला हजार वेळा हाक (इंटरप्ट) मारते, आणि डिस्क किंवा ग्राफिक्सचे कार्ड त्याच इंटरप्टवर बसले असेल तर काही हाका ऐकल्या जात नाहीत. डी-चॅनलची फ्रेम त्यातही फाटते. म्हणजे एक दोष घड्याळाचा, दुसरा मदरबोर्डाचा, आणि लॉगमधली ओळ अक्षरशः तीच. स्थितीदर्शक तक्त्यात हुकलेल्या इंटरप्टांचा आणि सीआरसी चुकांचा (बिट शाबूत आले का या पडताळणीत सापडलेल्या चुकांचा) वेगळा रकाना आहे, तो पाहिला तर दोन्हींत फरक करता येतो. हुकलेले इंटरप्ट शून्य आणि तरीही ॲबॉर्ट येत असतील तर घड्याळावर संशय घ्यावा. सोबतच्या चाचणी प्रोग्रॅमने संगणकाचा नेमकेपणा टक्क्यांत मोजता येतो, ९९.९७५ च्या वर असला तर तो चांगला मानतात. हे सगळे आहे, पण ते शोधून काढावे लागते. मला तो रकाना आठवायला अकरा दिवस लागले, आणि तेवढे दिवस मी फॅक्स यंत्राला बोल लावत होतो.

लॉगविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. लाईन पडली की ॲस्टेरिस्क प्रत्येक चॅनलसाठी वेगळी ओळ छापते : चॅनल १ वर लाल अलार्म, चॅनल २ वर लाल अलार्म, असे थेट ३१ पर्यंत. लाईन परत आली की ‘अलार्म गेला’ याच्या तितक्याच ओळी. केबलचा जोड ढिला असेल आणि लाईन रात्रभर येत-जात राहिली, तर सकाळी हजारो ओळींच्या ढिगाऱ्यातून पहिली घटना शोधणे म्हणजे गव्हाच्या पोत्यातून खडा काढणे. अलार्म चॅनलनिहाय कळवायचे की स्पॅननिहाय, हे ठरवण्याची सोय नव्या आवृत्त्यांत आहे. ती ज्यांनी अजून वापरली नसेल त्यांनी हे वाचून होताच वापरावी.

आपल्या सी-डॉट एक्स्चेंजांबरोबर ज्यांनी काम केले आहे, त्यांना तिथले अलार्म डिस्प्ले पॅनल आठवत असेल. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने ग्रामीण भारतासाठी यंत्रे बनवली, आणि ती बनवताना स्विच रूममध्ये माणूस झोपलेला असू शकतो हे गृहीत धरले. कोणत्या युनिटला किती गंभीर दुखणे आहे ते दिव्यांवरून कळे आणि हूटर माणसाला उठवी. डाहडीत गंभीरतेची उतरंडच नाही. तीस चॅनल मरणे आणि एखादी सीआरसी चूक होणे, दोन्ही मजकुराच्या ओळीच. शिवाय दर पंधरा मिनिटांत किती सेकंद चुकांचे गेले, असा साठवलेला इतिहास कोणत्याही जुन्या ट्रान्समिशन उपकरणात मिळतो. इथे नुसती एकूण बेरीज मिळते, आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू केला की तीही पुसली जाते. कंपनीशी भांडताना ‘परवा पहाटे तीन ते सव्वातीन’ असे सांगता येणे फार महत्त्वाचे असते. उरलेला पूर्ण तारा इथे गेला.

आणखी एक गोष्ट कागदपत्रांत ठळकपणे सांगितली जात नाही. आमच्या चार पोर्टांच्या कार्डाचा ड्रायव्हर सिग्नल गेल्याचे लगेच मान्य करीत नाही. मुळात ठरवून ठेवलेली मर्यादा अडीच सेकंदांची आहे आणि पिवळ्यासाठी अर्ध्या सेकंदाची. यामागचा विचार चुकीचा नाही, क्षणभराच्या झटक्याने सगळे कॉल तोडू नयेत हे योग्यच. सार्वजनिक जाळ्यातल्या एसएस७ लिंकवरही (एक्स्चेंज एकमेकांना कॉलचे निरोप देतात त्या जोडणीवरही) असाच संयम असतो : चुकांची मोजणी ६४ वर पोहोचली की लिंक बाद होते, आणि प्रत्येक २५६ सिग्नल युनिटांमागे मोजणी एकाने उतरते, म्हणजे विरळ चुका माफ आणि सलग चुकांना शिक्षा. पण एसएस७ मध्ये माफ केलेल्या चुकांचीही नोंद राहते. आमच्याकडे दोन सेकंदांचा खंड पडला तर बोलणाऱ्याला तो ऐकू येतो आणि लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो. ‘आवाज मध्येच जातो’ अशी तक्रार आली आणि लॉग कोरा दिसला, तर तक्रारदारावर शंका घेण्याआधी ही मर्यादा कमी करून एक दिवस पाहावे. मी ती ५०० मिलिसेकंदांवर आणली तेव्हा दुसऱ्याच दिवशी खिडकीजवळच्या जोडात ओल सापडली.

सीआरसी-४, म्हणजे ई१ लाईनवरची तीच पडताळणी, याबद्दल फार लिहीत नाही. काही एक्स्चेंज ते चालू ठेवतात, काही बंद. दोन्ही टोके जुळली नाहीत तर नव्या लाईनवरचा अलार्म जात नाही किंवा येत-जात राहतो. लाईन घेतानाच विचारून कागदावर लिहून घ्यावे.

ज्यांच्याकडे संगणक सांभाळायला वेगळा माणूस आहे त्यांच्यासाठी एक सूचना. डाहडी लिनक्सच्या कर्नलचा (गाभ्याचा) भाग नाही, तिचे मॉड्यूल वेगळे बांधावे लागतात. कर्नल अद्ययावत झाला आणि मॉड्यूल नव्याने बांधले नाहीत, तर पुढच्या रिबूटनंतर कार्ड दिसेनासे होते. अशा वेळी लाल, पिवळा, निळा काहीही येत नाही, कारण रंग सांगणाराच जागेवर नसतो. आमच्याकडे हे एका रविवारी घडले आणि आयटी विभागातल्या मुलाने प्रामाणिकपणे विचारले, “काका, लॉगमध्ये तर एकही एरर नाही, मग फोन का बंद?” त्या दिवसापासून त्या यंत्रावर आपोआप अपडेट बंद आहेत.

एसआयपी ट्रंक (डेटा नेटवर्कवरून येणारी फोन लाईन) घ्या, हे सगळे विसरा, असा सल्ला मला वर्षातून चारदा मिळतो. खर्चाच्या दृष्टीने तो बरोबर असेलही. पण एसआयपीवर लाईन गेली तर हातात येते ते फक्त ‘उत्तर आले नाही’. दोष तारेत आहे, राऊटरमध्ये आहे की पलीकडच्या सर्व्हरमध्ये, हे सांगणारा रंग तिथे नाही. ज्यांच्याकडे अजून पीआरआय आहे आणि शिकण्याची तयारी आहे, त्यांना ॲस्टेरिस्क आणि डाहडी मी निःसंकोच सुचवेन. ज्यांना दिवा बघून फक्त कंपनीला फोन करायचा आहे, त्यांनी तयार गेटवे घ्यावा.

उरलेल्या उणिवा मी स्वतःच बुजवल्या आहेत. दर मिनिटाला स्पॅनची स्थिती, सीआरसी चुका आणि हुकलेले इंटरप्ट एका फाईलमध्ये वेळेसह लिहिणारी पंधरा ओळींची स्क्रिप्ट चालते, आणि अलार्म आला तर रिसेप्शनच्या टेबलाखालचा बझर वाजतो. दहा रुपयांच्या आरजे-४५ प्लगमध्ये पिन १ ला ४ आणि २ ला ५ जोडून केलेला लूपचा प्लग रॅकच्या बाजूला खिळ्याला टांगला आहे. तो लावून डाहडीसोबत येणारी पॅटर्न चाचणी चालवली की कार्ड निर्दोष आहे की नाही हे पाच मिनिटांत कळते. “तुमचं कार्ड काढून बसवून बघा” असे पुन्हा कोणी म्हणाले, की मी त्यांना फोनवर थांबायला सांगतो आणि तो प्लग खिळ्यावरून काढतो.